दोन नंबरची स्प्रिंग

लिहिण्यात चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझे ऱ्हस्व-दीर्घ कधीच जागेवर पडत नाहीत, आणि अक्षर ओळ सोडून उतारावरच्या पाण्यासारखं खाली खाली जातं. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वहीसुद्धा माझी नाही. कोण्या पोराने अर्धवट टाकलेलं फिजिक्सचं जर्नल आहे. त्यात एका पानावर रेघा असतात आणि समोरचं पान आकृतीसाठी कोरं असतं. मी रेघांच्या पानावर लिहिते आहे, कोरं पान कोरंच सोडते आहे. एवढी वर्षं पोरांना तसं करताना पाहिलं, आता हात दुसरीकडे वळत नाही.

मी आसगावची. तालुक्याच्या गावी एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून मानधनावर काम करते. चौदा वर्षं झाली. सर-मॅडम लोक मला कुंदाबाई म्हणतात, पोरं मावशी म्हणतात. लोकांना वाटतं प्रयोगशाळेत काहीतरी मोठं चालतं. माझं काम म्हणजे कपाटातून वस्तू काढणे, पुसणे, मांडणे, टांगणे, आणि संध्याकाळी मोजून परत ठेवणे. पण पुसता पुसता कान उघडे असतात. न बोलणाऱ्या माणसाला तेवढंच एक सुख.

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे अकरावी-बारावीची पोरं. त्यांच्यासारखं विचित्र गिऱ्हाईक बाजारातही सापडणार नाही. प्रयोगाचं उत्तर आधी लिहितात आणि मग त्या उत्तराला शोभेल असं मोजमाप शोधतात. लंबकाचा प्रयोग म्हणजे दोऱ्याला पितळी गोळा बांधायचा, झुलवायचा आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते पाहायचं. यात चुकायला जागाच नाही असं वाटेल. पण दरवर्षी निम्मी पोरं घड्याळ सुरू करतानाच "एक" म्हणतात. मग "वीस" म्हणेपर्यंत झोके एकोणीसच झालेले असतात. सुरुवातीला "शून्य" म्हणायचं असतं. हे मला फिजिक्सच्या लांजेवार सरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं. पुढे मीच पोरांना दटावू लागले, "अरे, शून्यानं सुरू कर ना बाबू!"

सरांची दुसरी शिकवण म्हणजे घड्याळ मधातून सुरू करायचं. गोळा टोकाला गेला की तिथे जरासा रेंगाळतो. नेमका कोणत्या क्षणी वळला ते डोळ्याला कळत नाही. मधल्या खुणेवरून मात्र तो सर्रकन जातो, तिथे चूक कमी होते. म्हणून मागे खडूची एक रेघ मारायची आणि गोळा तिच्यासमोर आला की बटन दाबायचं. सरांनी हे सोयीसाठी सांगितलं होतं. मी त्याला नियम समजले. पुढे जे झालं ते या एका समजुतीतून झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजात स्प्रिंगचे दोन नवे स्टँड आले. लोखंडी दांड्याला स्प्रिंग टांगलेली, तिच्या खाली वजन, आणि त्या वजनाखाली वर पाहणारी एक छोटी डबी. तिला सेन्सर म्हणतात. वजन वरखाली झुललं की डबीला ते किती दूर आहे ते कळतं. बटन दाबलं की संगणकाच्या पडद्यावर रेघ धावू लागते. डोंगर, दरी, डोंगर, दरी. मला ते पाहायला फार आवडायचं. दांड्यावर मधल्या जागी मी लाल दोरा बांधला होता, आणि वजन लाल दोऱ्यासमोर आलं की बटन दाबायचे. रेघ बरोबर मधातून निघून डोंगर चढायची. चौदा वर्षांत माझ्या हाताने काढलेली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच असावी.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरच्या शेवटी लांजेवार सर निवृत्त झाले. त्यांची जागा रिकामीच राहिली. जानेवारीत एकदा टेबल पुसताना माझ्या कोपराचा धक्का दोन नंबरच्या स्टँडला लागला. सेन्सर स्टँडच्या पाटावरून चार बोटं खाली टेबलावर पडला. उचलला, पुसला, जागेवर ठेवला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून दोन नंबरला मी जपून हात लावायची. वजन खाली ओढून सोडलं तर डबीला लागेल अशी भीती वाटायची. म्हणून मी त्याचं वजन वर उचलून सोडायची आणि सोडताच बटन दाबून मोकळी व्हायची. आणि काय, दोन नंबरची रेघ मधातून निघायची नाही. डोंगराच्या टोकावरून निघायची. मला वाटलं, झालं. बिघडवलं मी.

फेब्रुवारीत बारावीची तोंडी आणि प्रयोगाची परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक आले होते. दोन नंबरचा स्टँड आला पल्लवीकडे. पल्लवी आमच्याच गावची, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहते. तिनेही वजन वर उचलून सोडलं. रेघ टोकावरून निघाली. तिने ती तशीच उतरवून घेतली आणि खाली काहीतरी सूत्र लिहिलं. बिघडलेल्या यंत्राचं उत्तर ही पोर लिहून राहिली आणि बिघाड माझा! पाण्याचा पेला ठेवायच्या निमित्ताने मी तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "पोरी, तुहा उलटा आला. एक नंबरवरचा पाहून घे. मधातून काढ."

तिने माझ्याकडे पाहिलं. एक क्षण थांबली. मग खोडरबर घेतलं आणि आकृती तेवढी बदलली.

परीक्षकांनी तिला विचारलं, "आकृती साइनची आणि सूत्र कोसाइनचं, असं कसं? शेजारचं उतरवलं का?" ती काही बोलली नाही. मी फडकं पिळत उभी होते, मीही बोलले नाही. त्या प्रश्नात चार मार्क गेले, हे नंतर कळलं.

मार्चमध्ये साठा तपासणी असते. बाहेरच्यांना सांगते, ही आमची दरवर्षीची रीत आहे. कॉलेजात जी जी टिकाऊ वस्तू असेल ती रजिस्टरप्रमाणे आहे का आणि चालते का, हे पाहायचं. पण फिजिक्सचं सामान फिजिक्सच्या माणसाने तपासायचं नाही, दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने तपासायचं, म्हणजे लपवाछपवी होणार नाही. आमच्याकडे आल्या इतिहासाच्या कापगते मॅडम. शिस्तीच्या बाई. चमचेसुद्धा दोनदा मोजतात.

"एक नंबर चालवून दाखवा, कुंदाबाई."

मी दाखवला. रेघ मधातून निघाली.

"आता दोन नंबर."

मी वजन उचललं, सोडलं, बटन दाबलं. टोकावरून निघाली. मॅडमनी चष्मा वर केला. "दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. मग ही रेघ अशी वरून काहून निघते?"

मी फडक्याने दांडा पुसू लागले.

"पडला होता का हा?"

"जरासा धक्का लागला होता, मॅडम. जानेवारीत. माझ्याच हातून."

मॅडमनी लाल पेन काढलं आणि रजिस्टरमध्ये "नादुरुस्त" असं लिहिलं. त्या वाईट बाई नाहीत. त्यांना जे दिसलं आणि मी जे सांगितलं, तेच त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हटवार बाबूंनी कागद पुढे केला. सेन्सरची किंमत सहा हजार, दर महिन्याच्या मानधनातून पाचशे कापायचे.

"वाचून घे बाई, मग सही कर."

"वाचलं," असं मी म्हटलं. वाचलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला तिथून लवकर निघायचं होतं.

घरी ह्यांनी विचारलं, "पाचशे कमी काहून?" तोंडातून निघून गेलं, "भिशी लावली." हे खुश झाले. दर महिन्याला विचारायचे, "तुही भिशी कधी लागते वं?" मी म्हणायची, "लागन ना."

जुलैत फिजिक्स शिकवायला तासिकेवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने, रामटेके मॅडम आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, बोलणं आपल्याच भागाचं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांना स्प्रिंगचा प्रयोग घ्यायचा होता. पोरं साठ आणि स्टँड एक. त्यांनी कपाटात पाहिलं.

"हा काहून बंद ठेवला हो?"

"बिघडला तो, मॅडम. माझ्याच हातून."

"लावून तर पाहू."

मी लावला. वजन उचललं, सोडलं, बटन दाबलं. "पाहा. टोकावरून निघून राहिली. मधातून निघाली पाहिजे."

मॅडम पडद्याकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं. "काहून मधातून निघाली पाहिजे?"

चौदा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. "सर तसंच करत," म्हटलं.

"तुमी टोकावरून सोडलं आणि सोडताच बटन दाबलं. मंग रेघ टोकावरूनच निघन ना, बाई! आता तसंच झुलू द्या. चार झोके जाऊ द्या. तुमच्या लाल दोऱ्यासमोर, वर जाताना, दाबा."

मी दाबलं. रेघ मधातून निघाली आणि डोंगर चढली. अगदी एक नंबरसारखी.

"दुरुस्त झाला?" मी विचारलं.

"बिघडलाच कधी होता?"

मी परत दाबलं, अध्येमध्ये कुठेही. रेघ तिथून निघाली. खाली असताना दाबलं, दरीतून निघाली. वजन आपलं तसंच झुलत होतं. त्याला माझ्या बटनाचं काही देणंघेणं नव्हतं. डोंगर तेवढेच उंच, तेवढ्याच अंतरावर. मी कधी पाहायला लागले, तेवढाच काय तो फरक.

मॅडमनी समजावून सांगितलं. मधातून मोजायला सुरुवात केली तर त्याला साइन म्हणतात, टोकावरून केली तर कोसाइन. झोका तोच. कोसाइन साइनच्या पाव झोका पुढे असतो, बस. झोका कुठवर आला हे जे सांगतं त्याला फेज म्हणायचं. मला एकदम दिघोरीचं माझं माहेर आठवलं. एका उखळात आई आणि मी दोन मुसळांनी धान कांडायचो. आईचं मुसळ वर तेव्हा माझं खाली. दोघींची चाल एकच, पण वेळ वेगळी. ती वेळ चुकली तर मुसळावर मुसळ आपटायचं. मॅडमला हे सांगितलं तर त्या टाळीच वाजवायला लागल्या. "हेच! तो अर्ध्या झोक्याचा फरक, हा पाव झोक्याचा. मी आता वर्गात हेच सांगीन."

मला मात्र आनंद झाला नाही. मला पल्लवी आठवली. तिच्या हातातलं खोडरबर आठवलं. तिने टोकावरून सोडलं होतं आणि कोसाइनचं सूत्र लिहिलं होतं. तिचं सगळं बरोबर होतं. बरोबर उत्तर मी तिला खोडायला लावलं. मी स्टुलावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही. मॅडमनी पाणी दिलं.

"ऑफिसात सांगा," मॅडम म्हणाल्या. "मी संग येतो. पण बोला तुमी. मी तासिकेवरची, माहं कोण ऐकते?"

मला तीन आठवडे लागले. दररोज ठरवायची, दररोज फडकं घेऊन परत यायची. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी कापगते मॅडम व्हरांड्यातून जाताना दिसल्या. त्यांना हाक मारली तेव्हा आवाज माझा आहे असं मलाच वाटलं नाही.

"मॅडम, एक मिनिट आत येता?"

दोन नंबर मी आधीच झुलवून ठेवला होता. रामटेके मॅडम दाराशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, बटन तुमीच दाबा. मनाला येईल तेव्हा."

त्यांनी दाबलं. पुसलं, परत दाबलं. सात वेळा दाबलं. सात वेळा रेघ सात जागांवरून निघाली. एक नंबरवरही करून पाहिलं, तिथेही तसंच. मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे मी लाल पेनाने लिहून टाकलं आणि बिघडलेलं काहीच नव्हतं?"

"नाही, मॅडम."

"पोरांना वर्षानुवर्षं सांगते, पुरावा तपासा, मग लिहा." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "पण तुम्ही सही काहून केली, कुंदाबाई?"

"तुमी लाल पेनानं लिहिलं होतं, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. उठून सरळ प्राचार्यांकडे गेल्या. रजिस्टरमधली नोंद त्यांनी स्वतः कापली आणि बाजूला "चालू स्थितीत" असं लिहून सही केली. पुढची कपात थांबली. तोवर पाच महिन्यांचे अडीच हजार कापले गेले होते.

दिवाळीच्या आधी दोन हजार परत मिळाले. घरी ह्यांच्या हातात ठेवले. हे म्हणाले, "लागली भिशी?" मला खोटं आणखी ओढवेना. "भिशी नव्हतीच," म्हटलं आणि सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. मला वाटलं रागावतील. ह्यांनी नोटा मोजल्या आणि विचारलं, "अडीच कापले ना? मंग पाचशे कुठं हायेत?"

पाचशेचं असं होतं, की पहिली कपात मार्चच्या मानधनातली. ती मागच्या आर्थिक वर्षात गेली, त्या वर्षाचा हिशोब बंद झाला, ऑडिट झालं. हटवार बाबू म्हणाले होते, "ते आता निघणं कठीण आहे, बाई." मी बरं म्हणून आले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बसस्टॉपवर पल्लवी भेटली. आता भंडाऱ्याला बी.एस्सी. करते. बरेच दिवस मी तिला चुकवत होते. गल्लीतून येताना दिसली की मी घरात जायची. त्या दिवशी पळायला जागा नव्हती.

"पल्लवी," मी म्हटलं, "परीक्षेत मी तुले खोडाले लावलं. तुहं बरोबर होतं वं."

"मले माहीत होतं, मावशी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय माहीत होतं?"

"माहं बरोबर हाय ते. मी वरून सोडलं होतं, मनून कॉस लिहिलं होतं."

"मंग खोडलं काहून?"

"तुमी इतके वर्षं तिथं हाये. मी मनलं, मावशीले माहीत असन."

रस्त्यावर गाड्या जात होत्या. मी लाल पेनाला घाबरून सही केली होती, आणि ही शिकलेली पोर मला घाबरून खोडत होती. मला! चौथी शिकलेल्या, फडकं घेऊन फिरणाऱ्या बाईला. माझ्या बोलण्याला कोणी एवढं मानत असेल हे माझ्या मनातही नव्हतं. ते माहीत असतं तर मी जीभ आवरली असती.

"तुहे चार मार्क मी खाल्ले," मी म्हटलं.

"मंग परत द्या ना!" पल्लवी हसली. "तुमचे पैसे परत भेटले मनतात. माहे मार्क कोण देते?"

थट्टाच होती. पण बस आली, ती चढून गेली, आणि मी तिथेच उभी राहिले. तिचे मार्क कोणी देणार नाही. ते ना या वर्षात आहेत ना मागच्या. माझे पाचशे मात्र ऑफिसात कुठेतरी होते आणि मी ते लाजेपायी सोडून आले होते. पोरीला जे मिळणार नाही ते मिळत नाही. पण मला जे मिळू शकतं तेही मी मागत नाही, हे मला त्या दिवशी सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हटवार बाबूंच्या टेबलासमोर गेले.

"बाबू, माझे पाचशे राहिले."

"सांगितलं ना बाई, ते मागच्या वर्षात गेले."

"कापले तेव्हा तर याच टेबलावर कापले."

बाबूंनी मान वर केली. एवढं मोठं माझं बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं. "बस तर खरी," म्हणाले.

"नाही बाबू. मी उभी राहतो."

रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन उभी राहिले. भांडले नाही, ते मला येत नाही. नुसती उभी. एक दिवस कापगते मॅडम आत आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. बाबू म्हणाले, "आता तुम्हीसुद्धा, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "नोंद माझी होती."

डिसेंबर गेला. प्राचार्यांनी संस्थेला पत्र पाठवलं, संस्थेने विचारणा केली, बाबूंनी उत्तर लिहिलं. संक्रांतीच्या आधी बाबूंनी मला स्वतःहून बोलावलं. समोर कागद, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प.

"घे बाई. कर सही आणि सोड मला."

मी कागद उचलला आणि वाचायला लागले. मला वाचायला वेळ लागतो. बाबू पेन हातात धरून थांबले. मी थांबू दिलं. साठा तपासणीतील चुकीच्या नोंदीमुळे कपात केलेली रक्कम. आधी दोन हजार, आज पाचशे. एकूण दोन हजार पाचशे. बाकी काही नाही. एकदा वाचलं, परत पहिल्या ओळीपासून वाचलं. मग सही केली आणि पाचशेची नोट मुठीत धरून प्रयोगशाळेत परत आले. पैसे सगळे परत मिळाले.